कुपीवरची वेळ

शेवरबंदरच्या बंदरवाडीत बुधवार कुणाला विचारावा लागत नाही. सकाळी सातला अंगणवाडीच्या ओट्यावर लसीची निळी पेटी दिसली की बुधवार. पेटीशेजारी लाकडी खुर्चीत बसलेल्या बाई म्हणजे गिरकर सिस्टर. रुक्मिणी गिरकर, वय पंचावन्न, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली आरोग्यसेविका. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. नाडी मोजताना हात वळवावा लागू नये म्हणून लागलेली ती सवय घरीही सुटली नव्हती. कालवण चुलीवरून उतरवायचं तेसुद्धा घड्याळात बघून. तिचा नवरा लवू एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो म्हणायचा, "माझी गाडी जलमात कधी वेळेर सुटली नाय आणि हिची कधी चुकली नाय. देवान जोडो बरो लावलो."

चौदा वर्षांपूर्वी ती इथे बदलून आली तेव्हा लसीकरणाचं सत्र कागदावर दहा ते चार असायचं. पहिले तीन बुधवार ती दहाला येऊन बसली. मिळून पाच मुलं आली आणि एक कुत्रं दर वेळी येऊन सावलीला झोपलं. चौथ्या आठवड्यात तिने चौकशी केली. पहाटे होड्या लागतात, साडेसातपर्यंत लिलाव होतो, साडेआठच्या टेम्पोने बायका टोपल्या घेऊन मालवण, कट्टा, चौके गाठतात आणि परततात त्या दोन-अडीचला, पाय ओढत. तेव्हा त्यांना पोराला टोचायला घेऊन चल म्हणणं म्हणजे भांडण काढणं. दहा ते चार या वेळेत बंदरवाडीत सापडणार ते म्हातारे आणि मांजरं.

तिने वेळ बदलून मागणारा अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं की सत्राची वेळ सर्वत्र दहा ते चार अशीच आहे. तेव्हाचे साहेब मात्र तोंडी म्हणाले, "तुम्ही करा हो सातला. कागदावर दहा राहू दे."

मग कागदावर दहा राहिलं. सातला ती बंदरवाडीची मुलं उरकायची, दहानंतर वरच्या वाडीची शेतकऱ्यांची. नोंदी सगळ्या दहानंतरच्या. मोबाइलवर नोंद करायची पद्धत आली तेव्हा सकाळची नावं ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची आणि दहा वाजले की एकेक भरायची. बंदरवाडीतलं एकही मूल लसीवाचून राहिलं नाही. त्याबद्दल तिला जिल्ह्याच्या ठिकाणी शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल कपाटात आहे. श्रीफळाची लवूने सोलकढी केली.

एकच गोष्ट अवघड होती. गोवर-रुबेलाची लस पावडर असते. तिच्यात पाणी मिसळलं की ती चार तासच चालते. पुढे तिच्यात जंतू वाढण्याची भीती असते. तशी लस बाळाला गेली तर ताप, उलट्या आणि क्वचित त्याहून वाईट. म्हणून कुपीत पाणी मिसळलं की लेबलवर लगेच वेळ लिहायची, असा नियम. रुक्मिणी सव्वासातला मिसळायची आणि लिहायची दहा. सत्रच दहाला सुरू होतं म्हटल्यावर कुपी सव्वासातला कशी उघडेल? खरी वेळ तिच्या डोक्यात असे. सव्वाअकराला ती कुपी बाद करायची, मग आत चार डोस उरलेले असोत की एक. चौदा वर्षांत एकदाही मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर भार्गवी आल्या. कुडाळच्या, आईवडील दोघेही शिक्षक, त्यामुळे वह्या तपासायची आवड घरातलीच. केंद्राला गुणवत्तेचं मानांकन मिळवायचं असं त्यांनी ठरवलं आणि तपासणीचं पुस्तक आणलं. ते पंचांगाच्या चौपट जाड होतं. औषधांच्या कपाटात मुदत संपलेली सतरा पाकिटं निघाली. प्रसूतीच्या खोलीतला दिवा, जो तीन वर्षं "उद्या" दुरुस्त व्हायचा होता, तो झाला. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता बेसिनवर लागला. शिपाई दत्ताराम त्या पायऱ्या आरतीसारख्या म्हणू लागला.

"आधी काय आमी हात पायान धुयत होतंव?" रुक्मिणी त्याला म्हणाली.

"धुयतच नव्हतंव," दत्ताराम म्हणाला. "माका इचारशात तर खरा सांगतंय."

सगळ्यात नवीन गोष्ट शनिवारची. दुपारी अर्धा तास सगळ्यांनी बसायचं आणि प्रत्येकाने त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. कुणाला शिक्षा नाही, नोटीस नाही. चूक कशामुळे झाली एवढंच बघायचं. पहिले दोन शनिवार सगळे पंख्याकडे बघत बसले. तिसऱ्या शनिवारी दत्तारामने सांगितलं की त्याने पिवळी पिशवी लाल डब्यात घातली. मग कंत्राटावरची नवी आरोग्यसेविका अक्षया, ओरोसची, चोवीस वर्षांची, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की तिने एका बाळाचं वजन दुसऱ्याच्या कार्डावर लिहिलं. डॉक्टरांनी कार्डांचे रंग वेगळे करायला लावले. बस. पुढे गाडी चालू लागली. लोक चूक सांगायची म्हणून आठवडाभर शोधू लागले.

पाळी रुक्मिणीवर आली की ती म्हणायची, "या आठवड्यात माझी नाही." दर शनिवारी तेच. डॉक्टर हसून पुढे जायच्या. त्यात ती खोटं बोलत नव्हती, असं तिचं प्रामाणिक मत होतं. दहा लिहिणं ही चूक नव्हती, ती रीत होती.

तपासणीचं पथक आलं ते नेमकं बुधवारी. आदल्या दिवशी दत्तारामने परस्पर ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. "पथकाची नजर बरी ठेव रे म्हाराजा," असं म्हटल्याचं त्याने सगळ्यांना सांगितलं. रुक्मिणीने मात्र नेहमीप्रमाणे सातला पेटी अंगणवाडीवर नेली. सव्वासातला कुपीत पाणी मिसळलं. लेबलवर पेनने दहा लिहिलं. बंदरवाडीची सहा मुलं झाली. साडेआठला टेम्पो सुटला. अक्षया दहाला मदतीला आली. सकाळच्या मुलांची कुपी निराळी असते, असाच तिचा समज होता.

साडेदहाला दत्ताराम स्कूटरवरून आला. "चला सिस्टरानू, लसीच्या फ्रिजाची वही तुमीच दाखवूची असा म्हणतत. बाई चष्मो पुसून बसलीहा."

वरच्या वाडीतलं एक बाळ अजून यायचं होतं. तेवढ्यासाठी रुक्मिणीने कुपी ठेवली. "मी अर्ध्या तासात येते," ती अक्षयाला म्हणाली आणि स्कूटरवर बसली.

अर्ध्या तासाचे तीन तास झाले. पथकातल्या चष्मेवाल्या बाई दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिलंय का, वीज गेली तर काय करता, चावी कुणाकडे. रुक्मिणी न अडखळता उत्तरं देत होती. बाई एकदा म्हणाल्या, "अशी वही मी फार कमी ठिकाणी पाहिली." डॉक्टर भार्गवी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभराची झोप एकदम आल्यासारखं सुख दिसलं.

त्याच वेळी रुक्मिणीने मनगट पाहिलं. सव्वाअकरा.

फोन कमरेलाच होता. पण अक्षयाला सांगायचं काय? कुपी टाकून दे? ती विचारणार, का, दोन वाजेपर्यंत चालते ना? आणि हे सगळं चष्मेवाल्या बाईंच्या पुढ्यात. वरच्या वाडीतलं बाळ येऊन गेलं असणार, आता कोण येतंय, असं रुक्मिणीने स्वतःला सांगितलं. फोन कमरेलाच राहिला.

पावणेदोनला ती अंगणवाडीत पोचली. अक्षया आवराआवर करत होती, खूश होती.

"सिस्टर, एक जास्तीचं झालं! शर्मिलाची श्रिया. नऊ महिन्यांची झाली ना, यादीत होती. वेंगुर्ल्याला माहेरी होती, बाराच्या एसटीने आली आणि घरी न जाता आधी इकडे. मी म्हटलं, अजून वेळ आहे."

"किती वाजता दिलीस?"

"सव्वाला. मी व्हायल बघितली, दहा लिहिलंय. दोनपर्यंत चालते. बरोबर ना?"

सव्वासात ते सव्वा. सहा तास.

"बरोबर," रुक्मिणी म्हणाली. तिने कुपी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

शर्मिलाचं घर किनाऱ्याला लागून, पाचव्या माडाशी. ओट्यावर श्रिया भाताची शितं वेचून एक तोंडात आणि एक जमिनीवर असं चालवत होती.

"अगो बाय, सिस्टरानू तुमी?" शर्मिला पदराला हात पुशीत आली. "आत्ताच तर टोचून इलंय."

"सहज इलंय. चेडवाक काय त्रास नाय ना?"

"कसलो त्रास? बघा ना, मेली खाता आणि माका दाखवता. बसा, चाय ठेवतंय."

रुक्मिणी बसली. श्रियाच्या कपाळाला, मानेला, पोटाला हात लावला. सगळं थंड. चहा आला, तो तिने प्यायला. चांगला होता, आलं घातलेला. "ताप, उलटी, काय झाला तर लगेच माका फोन कर. केवाय, रातीबेरातीसुद्धा," असं ती दोनदा म्हणाली आणि उठली. जे सांगायला आली होती ते सांगितलंच नाही.

घरी लवू जेवायचा थांबला होता. बांगड्याचं कालवण होतं. तिने ताट वाढलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लवूने शांतपणे काटा काढला.

"धा लिवलंस ना? मगे धाच. कोण बघूक गेल्लो? नोकरीची तीन वर्सां रवली तुझी. गप रव."

"आणि चेडवाक काय झाला तर?"

"काय होणा नाय. आणि झालाच, तर टोचली कोणी? अक्षयान. तुझा नाव खंय इला?"

तो हे दिलासा म्हणूनच बोलला. रुक्मिणीने हातातला डाव खाली ठेवला. अक्षयाचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं करावं लागायचं. वजनाच्या एका आकड्यासाठी त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने कुपीवर लिहिलेलं वाचलं आणि त्याप्रमाणे केलं, एवढाच तिचा गुन्हा. रुक्मिणीने जेवणावर झाकण ठेवलं.

"जेव गो आधी!" लवू मागून ओरडला.

चारला समारोपाची बैठक होती. चष्मेवाल्या बाईंनी प्रत्येक विभागाबद्दल दोन-दोन वाक्यं सांगितली. लसीकरणाला बरेच जास्त गुण मिळाले. नोंदी आदर्श, म्हणाल्या. शेवटी रिवाज म्हणून विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

रुक्मिणीने रुमाल सोडून कुपी टेबलावर ठेवली.

"ही सकाळी सव्वासातला उघडली. वर दहा लिहिलंय ते मी लिहिलंय. आज दुपारी सव्वाला हिच्यातली लस एका बाळाला दिली गेली. अक्षयाने दिली, पण तिने कुपीवरचं वाचून बरोबर दिली. चूक माझी."

पंखा फिरत होता. बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे आज गडबडीत चुकून..."

"नाही. दर बुधवारी दहाच लिहिते."

"कधीपासून?"

"चौदा वर्षं."

दत्तारामने हळूच कपाळाला हात लावला. ग्रामदेवतेने गाऱ्हाणं नीट ऐकलं नाही, असं त्याला वाटलं असावं. बाईंनी कागद पुन्हा उघडला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. डॉक्टर भार्गवींनी एकच विचारलं, "बाळ कुणाचं?" आणि त्या पिशवी घेऊन उठल्या.

रुक्मिणी त्यांच्या मागोमाग निघाली. किनाऱ्याच्या वाळूत चप्पल रुतायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "शनिवारी किती वेळा विचारलं मी तुम्हाला?"

"एक्कावन्न."

"मोजलंत?"

"मोजायची सवय आहे."

श्रियाला ताप नव्हता. डॉक्टरांनी ओट्यावर बसून शर्मिलाला सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. बहुतेक काही होणार नाही, पण दोन दिवस लक्ष ठेवायचं, त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ येतील, आणि हा डोस धरायचा नाही, चार आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागेल. शर्मिला ऐकत होती. मग ती डॉक्टरांना सोडून रुक्मिणीकडे वळली.

"दुपारी इलात, तेवा ठावक होता तुमका?"

"होता."

"आणि माझ्या हातची चाय पिऊन गेलात?"

रुक्मिणीने मान हलवली.

"चौदा वर्सां तुमच्या पेटीकडे बघून आमी घड्याळां लावलंव, सिस्टर. माझो धाकटो दीर तुमच्याच हाताखालून गेलो. आणि तुमी धा लिवतात? उद्या माझ्या चेडवाक काय झाला तर परत धाच लिवतलात?" तिने श्रियाला उचललं आणि ती आत गेली. दार लावलं नाही, पण बसा असंही म्हणाली नाही.

श्रियाला काही झालं नाही. गुरुवारी सकाळी ती डॉक्टरांचा स्टेथोस्कोप चघळत होती. शुक्रवारी तिने एक शिंक दिली, तेवढ्यासाठी लवूसकट पाच जणांनी चौकशी केली. रुक्मिणीला कारणे दाखवा नोटीस आली. तिने उत्तर एका पानात लिहिलं, आणि सोबत चौदा वर्षांपूर्वीच्या अर्जाची झेरॉक्स जोडली. ती तिने जपून ठेवली आहे हे लवूलाही माहीत नव्हतं. केंद्राला मानांकन पुढे मिळालं ते सशर्त, लसीकरण सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं या अटीवर. डॉक्टर भार्गवींनी त्याबद्दल तिला चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही. शनिवारी मात्र पाळी आल्यावर त्यांनी हसून पुढे न जाता तिच्याकडे बघितलं, आणि रुक्मिणीने चौदा वर्षांची चूक पहिल्यापासून सांगितली. कशामुळे झाली, हा प्रश्न पुढे आलाच. डॉक्टरांनी त्याच दिवशी वर पत्र पाठवलं. बंदरवाडीची वेळ सात ते अकरा आणि वरच्या वाडीचं सत्र निराळं, ते दुपारी, नव्या कुपीने. तीन महिन्यांसाठी परवानगी आली. आठ दिवसांत आली याचं रुक्मिणीला जरा वाईटच वाटलं.

चौथ्या बुधवारी सकाळी सातला ती ओट्यावर बसली. तिला एकच बघायचं होतं, शर्मिला येते की नाही. ती आली नाही तर काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. घरी जाऊन आण म्हणायचा हक्क उरला नाही, एवढं तिला कळत होतं. सात पंचवीसला कुपीत पाणी मिसळलं. लेबलवर सात पंचवीस लिहिलं. हाताला इतकी दहाची सवय झालेली की आधी एक लिहिला गेला, तो खोडून मग सात करावा लागला.

सात बायका झाल्या. आठ वाजले. टेम्पोवाला पहिला हॉर्न देऊन गेला.

आठ वाजून पाच मिनिटं होऊन गेल्यावर शर्मिला आली. कमरेवर श्रिया, डोक्यावर मासळीची टोपली. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कुपी दाखवा."

अक्षया घाईने काही बोलणार होती, रुक्मिणीने तिला हाताने थांबवलं आणि कुपी पुढे केली. शर्मिलाने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, लेबल वाचलं, मग टोपली खाली ठेवून मोबाइल काढला आणि त्यातली वेळ पाहिली.

"सात पंचवीस. म्हणजे अकरा पंचवीसपर्यंत."

"होय."

"हयां एकाची रेघ कसली?"

"चुकलंय लिवताना. खोडलंय."

शर्मिलाने कुपी परत दिली. मग श्रियाच्या झबल्याची बाही वर केली आणि दंड पुढे धरला. "घाला."

श्रिया रडली, गप्प झाली, आणि कापसाचा बोळा मागू लागली. रांगेत मागे उभ्या असलेल्या, रुक्मिणीच्याच वयाच्या एका म्हातारीने, जी नातवाला घेऊन आली होती, शर्मिलाला कोपराने ढोसलं.

"काय गो लिवलाहा थंय? माका वाचूक येना नाय. मोठ्यान सांग."

"अगो आये, तुका कित्याक होया?" मागची एक हसली.

"कित्याक म्हणजे? बांगडो घेताना डोळो बघतंस ना? मगे माझ्या नातवाक घालतत ता नको बघूक?"

शर्मिलाने टोपली डोक्यावर घेतली. "सात पंचवीस, आये," ती जाता जाता म्हणाली, आणि टेम्पोच्या दिशेने चालू लागली.

म्हातारी पुढे आली. रुक्मिणीने सुई भरण्याआधी कुपी तिच्या डोळ्यांसमोर धरली, आणि ती पुरेसं बघून मान हलवीपर्यंत तशीच धरून ठेवली.